म्हातारीचं गाठोडं

मुलं पळवून मारल्याच्या बालहत्याकांडातली आरोपी अंजनाबाई गावित १९९६ साली पकडली गेली आणि खटल्याआधीच मेली. तिच्या मुलींवरच्या खटल्यात न्यायालयापुढं १३ अपहरणं होती. पारावरची मंडळी मात्र चाळीसच्या खाली उतरायला तयार नाहीत. आणे गावच्या रंगदासस्वामी यात्रेतल्या आमटीसारखा हा आकडा, कितीही वाढा, कढई भरलेलीच! म्हातारीनं वही लिहिली असेल, गाठोडं पुरलं असेल... मेलेला आरोपी फार सोयीचा, उलटतपासणीला येत नाही.

मुलींना २००१ साली फाशी सुनावली. दयेच्या अर्जावर सरकारनं इतकी वर्षं काढली, की २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं त्या फाशीची जन्मठेप केली. या दिरंगाईचा पुरावा तारखांसकट कागदावर आहे. पण त्यावर चहा कोण पाजणार?