हास्यपट्टीची वसुली

घरपट्टी, पाणीपट्टी, मोहतर्फा इत्यादी करांच्या वसुलीसाठी आजवरच्या सर्व राजवटींना तलाठी, मामलेदार, जप्तीचे हुकूम आणि लिलावाच्या दवंड्या असा अवाढव्य सरंजाम बाळगावा लागला. परंतु ज्याचे दप्तर नाही, ज्याची पावती मिळत नाही, आणि तरीही ज्याची थकबाकी एका दिवसापुरतीही राहत नाही, असा एक कर आपल्या समाजात सुखेनैव चालू आहे, त्याकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही. आम्ही त्यास हास्यपट्टी म्हणतो. स्थूल आणि अपंग माणसांनी घराबाहेर पाऊल टाकताच, आणि पाऊल टाकता येत नसेल तर चाक टाकताच, ती रोख भरावयाची असते.

या कराची परंपरा मोठी भारदस्त आहे. विदूषक कसा असावा हे सांगताना नाट्यशास्त्राने तो ठेंगू असावा, कुबडा असावा, त्याचे दात पुढे आलेले असावेत, डोक्यास टक्कल असावे, अशी यादीच दिली आहे. तेव्हा पाठीस कुबड आले की त्यासोबत हसविण्याचे वतनही आपोआप चालत येते, हे तत्त्व पुरातनच म्हणावे लागेल. शेक्सपिअरच्या सीझरलाही आपल्याभोवती लठ्ठ माणसे हवी होती, कारण लठ्ठ मनुष्य कटकारस्थाने करीत नाही असा राज्यकर्त्यांचा समज असतो. अलीकडचा दाखला उमादेवींचा. १९४७ साली ‘दर्द’ चित्रपटात नौशाद यांच्या संगीतावर ज्यांनी गायिलेले गाणे देशभर गाजले, त्याच बाई १९५० साली ‘बाबुल’मधून पडद्यावर आल्या, टुनटुन झाल्या, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षक हसून मोकळे होऊ लागले. शाळाशाळांतून जाड मुलींना तेच नाव बहाल करण्यात आले; मात्र या नावाची बाई एके काळी गात असे, एवढे त्या मुलींना सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

लठ्ठ माणसांकडील वसुली मुख्यत्वे पंगतीत होते. ‘कोणत्या गिरणीचं पीठ खाता हो?’ हा प्रश्न शंभराव्यांदा ऐकूनही ज्याला तो पहिल्यांदाच ऐकल्याप्रमाणे हसता येते, आणि त्यावर स्वतःच्या पोटाविषयी पदरचा एक विनोद जोडता येतो, तो या कराचा आदर्श भरणेदार होय. बारीक मनुष्य खिन्न दिसला तर चारजण त्याची विचारपूस करतात; लठ्ठ मनुष्य खिन्न दिसला तर यजमान जिलबीच्या वाढप्याला हाक मारतो.

अपंगांची बाब जरा नाजूक आहे, कारण त्यांना दोन निरनिराळ्या खिडक्यांवर दोन निरनिराळे चेहरे दाखल करावे लागतात. सवलतींच्या सनदेसाठी जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळासमोर उभे राहून निदान चाळीस टक्के अपंगत्व सिद्ध करावे लागते, आणि तेथे प्रसन्न मुद्रेने जाणे व्यवहारदृष्ट्या हिताचे नव्हे, असा सल्ला अनुभवी अर्जदार नवख्यांना देतात. परंतु तेच प्रमाणपत्र खिशात घालून मनुष्य फाटकाबाहेर आला रे आला, की त्याच्या मुखावर जिद्द, उमेद आणि दुर्दम्य आशावाद ही तिन्ही एकाच वेळी विलसावीत, अशी रस्त्यावरील यच्चयावत नागरिकांची अपेक्षा असते. चाळीस टक्के दुःख शाबीत करावे आणि शंभर टक्के आनंदात राहावे, हे गणित नॉर्मल स्कूलमध्ये कोणी शिकविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

उलट बाजूची, म्हणजे सरकारकडील, वसुली कशी चालते, तेही पाहण्यासारखे आहे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करून घेण्यास, नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ साली निघाले. मुदत केव्हाच सरली. पायऱ्या होत्या तेथेच आहेत. सरकारकडे थकलेला रॅम्प आणि अपंगाने रोजच्या रोज भरलेले हसू यांची वजावट कोणत्याही खातेवहीत घातली जात नाही, ही आमच्या मते हिशेबतपासणीतील गंभीर चूक आहे.

आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ, जे चाकांच्या खुर्चीत बसून चोख हिशेब तपासतात, त्यांचा गेल्या ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाच्या निमित्ताने, जाहीर सत्कार झाला. व्यासपीठास पायऱ्या होत्या आणि रॅम्प नव्हता, म्हणून चार उत्साही कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट अधांतरी उचलले, आणि उचलणारांच्या औदार्यावर सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर त्यांनी ध्वनिक्षेपकावर एवढेच सांगितले की वर येताना आपणांस पडण्याचे भय वाटले, तरी पुढील वर्षी दोन फळ्या टाकाव्यात. श्रोत्यांना तो विनोद वाटून ते पोटभर हसले. छायाचित्रकाराने ‘काका, जरा हसा की’ अशी तीनदा विनवणी केली, काका हसले नाहीत, आणि अध्यक्ष शेजारच्याच्या कानाशी लागून ‘थोडा तोरा आहे’ असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वृत्तान्त यथास्थित आला. छायाचित्र मात्र, निष्काळजीपणाने म्हणा वा सद्हेतूने म्हणा, गतवर्षीच्या सत्कारमूर्तीचे, तोंडभर हसणारे, काकांच्या नावाखाली छापले गेले. सकाळपासून नातलगांचे दूरध्वनी सुरू झाले, आणि फोटोत आपण किती प्रसन्न दिसता, असे प्रत्येकाने त्यांना आवर्जून कळविले.