आलंच की!

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला 'मी सह्याद्रीत पुष्कळ ट्रेक केलेत' हे वाक्य फार स्वस्तात पडतं. साक्षीदार सगळे समुद्रापलीकडे. त्यांतल्या निम्म्यांची पोटं सुटली आहेत आणि तेही माझ्याइतकेच थापाडे आहेत, त्यामुळे कुणी फोन करून खातरजमा केली तरी मला चिंता नाही. झुरिकच्या आमच्या मराठी कंपूत मी या वाक्याच्या व्याजावर बरीच वर्षं जगतोय. कुणाकडे जेवायला गेलो की आमटीच्या वेळी कोकणकडा निघतो, ताकाच्या वेळी हरिहरच्या पायऱ्या आणि बडीशेप येईपर्यंत अलंग-मदन-कुलंग. अलंगच्या पायथ्यावरूनच पावसामुळे परत फिरलो होतो, हा तपशील सांगेपर्यंत यजमान जांभया देऊ लागलेले असतात.

त्यामुळे शीनिगे प्लाटे ते फिर्स्ट हा डोंगरधारेवरचा ट्रेक ठरला, तेव्हा गटातल्या पुणेकराने केलेल्या एक्सेल शीटमध्ये माझ्या नावापुढे 'अनुभवी' असं पडलं. बाकीच्यांपुढे 'पोळ्या', 'बटाट्याची भाजी', 'क्रेप बँडेज', 'ठेचा, बेताचा तिखट' असं काही ना काही होतं. मला काहीच आणायचं नव्हतं, फक्त अनुभव आणायचा होता. एका मित्राची आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. त्या काकूंच्या रकान्यात पुणेकराने तांबडा रंग भरून प्रश्नचिन्ह टाकलं होतं आणि खाली सूचना लिहिली होती : 'अनुभवींनी काकूंबरोबर राहावे.'

पहिला धक्का चालायला लागायच्या आधीच बसला. विल्डर्सविलहून वर जाणारी दातेरी रुळांची गाडी 1893 सालापासून सुरू आहे. ती रमतगमत जिथे नेऊन सोडते ते स्टेशन 1967 मीटरवर. आपली कळसूबाई 1646. म्हणजे रात्रभर चालून, लोखंडी शिड्यांवर हात गारठवून, पहाटे महाराष्ट्राच्या डोक्यावर उभे राहून आम्ही जिथे घोषणा दिल्या होत्या, त्या जागेच्या तीनशे मीटर वर मी बाकावर बसून चिवडा खात पोचलो. समोरच्या बाकावर एक स्विस आजी आणि तिचा दांडगा कुत्रा. इथल्या रेल्वेत मोठ्या कुत्र्याला अर्धं तिकीट लागतं. माझ्याकडे सवलतीचं कार्ड असल्यामुळे मलाही अर्धंच. रेल्वेच्या लेखी आम्ही एकाच योग्यतेचे प्रवासी. पुढे पहिल्या चढाला माझी जीभ बाहेर आली आणि त्याची आली नाही, एवढाच काय तो फरक.

उजवीकडे आयगर, म्योंख, युंगफ्राउ. डावीकडे खोल खाली ब्रिएन्झचं निळं-हिरवं तळं. या देखाव्याचं वर्णन मी करत नाही. ते यश चोप्रांनी करून ठेवलंय आणि त्याबद्दल इंटरलाकेनमध्ये त्यांचा पुतळाही उभा आहे. शिवाय देखाव्याकडे बघायला आमच्या गटाला फुरसत नव्हती. अर्धे लोक देखाव्याकडे पाठ करून फोटो काढून घेत होते आणि उरलेल्यांत कायम राहण्याचं सी परमिट आणि घरभाडं यांवर चर्चा रंगली होती. समोर चार हजार मीटरची बर्फाची भिंत आणि आमचा नाशिककर विचारतोय, "तुमच्या इमारतीत सामायिक धुलाईयंत्राचा तुमचा वार कोणता?"

मला मात्र पाट्यांनी घेरलं होतं.

इथल्या डोंगरात प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते. पाटीवर गावाचं नाव, बाण आणि पोचायला लागणारा वेळ. अंतर नाही, वेळ. सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर हा वेग धरून त्यात चढ-उताराचा हिशेब घालायचा, असं त्याचं रीतसर सूत्र आहे. त्यात विश्रांती धरलेली नसते. पाणी प्यायला थांबणं धरलेलं नसतं. 'मागचे येऊ देत' धरलेलं नसतं. मग आमच्यासारख्या गटाचं काय? पाटी म्हणाली पन्नास मिनिटं. आम्ही दीड तास चाललो, पुढच्या पाटीपाशी पोचलो आणि ती पाटी शांतपणे पुढचा हिशेब सांगू लागली, जणू मागचं काही घडलंच नाही. रागावलीसुद्धा नाही! मला अपमान करणारी माणसं चालतात, पण अपमानाची दखलही न घेणाऱ्या लोखंडी पट्टीपुढे काय करावं ते कळत नाही.

आम्ही वाढलो ते वेगळ्या पाट्यांवर. आमच्या पाटीला डोक्याला मुंडासं असायचं आणि कानावर विडी. गडाच्या पायथ्याच्या वाडीत एसटीतून उतरायचं आणि दिसेल त्या मामांना विचारायचं, "मामा, गडावर जायला किती वेळ?" मामा आधी गडाकडे बघत नाहीत. ते आपल्याकडे बघतात. बुटांकडे, सॅककडे, पोटाकडे. मग म्हणतात, "ह्ये काय, आलंच की. त्या उंबराला वळसा घातला का आलंच." उंबर येतो, वळसा घातला जातो, पुढे आणखी एक डोंगर उभा असतो. दोन तासांनी दुसरे मामा भेटतात, बैलांमागून येणारे. त्यांना विचारलं तर तेही म्हणतात, "आलंच." आम्ही पोरं त्यांना खोटारडे म्हणायचो. पण मामांच्या पायांनी ते खरोखरच आलेलं असायचं. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन ते तेवढ्याच वेळात उतरत असत. त्यांचं सूत्र चुकीचं नव्हतं, पाय आमचे चुकीचे होते.

आणखी एक गोष्ट माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. मामा सगळ्यांना एकच उत्तर देत नसत. ज्याचा चेहरा उतरलाय त्याला 'आलंच'. जो मिशीला पीळ भरतोय त्याला 'लांब हाय बाबा, जमंल का तुला?' आणि तिन्हीसांजा व्हायला आल्या असतील तर तिसरंच : 'आता कुठं जाताय अंधारात? बसा. भाकरी टाकायला सांगतो.' पिवळ्या पाटीवर फिर्स्टला किती वेळ लागेल ते अचूक लिहिलेलं असतं. आता जाऊ नका, असं ती म्हणत नाही. भाकरीचं तर नावच नको.

(इथे पुणेकराने मला हाक मारून विचारलं की अनुभवी मंडळी इतकी मागे का राहतायत. मी सांगितलं, शेवटचा माणूस सांभाळणं ही सह्याद्रीतली पद्धत आहे. शेवटचा माणूस मीच होतो, हे त्याला त्या अंतरावरून दिसत नव्हतं.)

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर पुरता बोलून घेतो. या देशाने 1979 साली पायवाटांसाठी मतदान केलं. थट्टा करत नाही. पायवाटा आणि डोंगरवाटा राज्यघटनेत घालाव्यात का, असं लोकांना विचारलं आणि लोकांनी मोठ्या बहुमताने 'हो' म्हटलं. घटनेत आज त्याचं स्वतंत्र कलम आहे. त्याखालच्या कायद्याप्रमाणे नकाशावरची वाट कुणाला बंद करायची असेल तर तिच्या बदल्यात दुसरी वाट द्यावी लागते. अशा पासष्ट हजार किलोमीटर वाटा, रंगवलेल्या, डागडुजी केलेल्या. गाय, कुत्रा, आजी आणि मी, सगळ्यांना खुल्या.

मागे सुट्टीत देशात गेलो होतो, तेव्हा लेकीला एका किल्ल्यावर न्यायला निघालो. नाव सांगत नाही, कुठल्याही किल्ल्याच्या पायथ्याला आज हेच आहे. आमची जुनी ढोरवाट जिथून चढायची तिथे तारेचं कुंपण, आत प्लॉट पाडलेले, दोन बंगले, एक निळा पोहण्याचा हौद आणि फाटकावर 'खाजगी मालमत्ता'. फाटकाशी खाकी टोपी घातलेले एक मामा खुर्चीवर बसलेले. मी विचारलं, "मामा, गडावर जायची वाट?" ते उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, इथनं वाट न्हाई."

मला साहेब म्हणाले. ज्यांच्या दारात मी पिठलं-भाकरी खाल्ली त्या वयाच्या, त्याच बोलीच्या माणसाने मला उभं राहून सांगितलं की वाट नाही, आणि ती जमीन एके काळी बहुधा त्यांचीच असावी. दोष कुणाला द्यायचा? जमीन विकणाऱ्याला पोरांची लग्नं होती, घेणाऱ्याला शनिवार-रविवार हवे होते, आणि वाट कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. मी परत वळलो तेव्हा मामा फाटकाच्या कडीशी आले, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "वरल्या अंगानं, वढ्यातनं जावा. आलंच." त्या ओढ्यातून आम्ही लेकीसह काटेकुटे तुडवत गेलो. तासाभराने लेकीने विचारलं, "बाबा, त्या आजोबांना मिनिटं माहीत नाहीत का?"

असो. आपण आल्प्समध्ये होतो.

फाउलहॉर्न 2681 मीटरवर. तिथे 1830च्या दशकापासून हॉटेल चालू आहे. आमच्याकडे इंग्रज महाबळेश्वर वसवत होते त्याच सुमाराला इथे कुणीतरी या उंचीवर पलंग चढवले. पोळ्या सुटल्या, ठेचा फिरला. बेताचा तिखट म्हणून आणलेला तो ठेचा शेजारच्या जर्मन जोडप्याने चाखला आणि नंतर बराच वेळ ती दोघं हातात हात घालून आयगरकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी निसर्गामुळे, असं आमच्या गटाने ठरवलं.

काकूंचं सांगायचं राहिलं. मुलाचे जुने बूट, पंजाबी ड्रेस, त्यावर सुनेचं जाकीट आणि हातात काठीऐवजी छत्री, अशा वेशात काकू सकाळपासून एकाच गतीने चालत होत्या. भरभर नाही आणि थांबणंही नाही. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक स्विस माणसाला 'ग्रुएत्सी' म्हणत होत्या, तेही पूर्ण श्वासात. (चढावर ग्रुएत्सी म्हणायला जो श्वास लागतो तो माझ्याकडे नव्हता. मी भुवया उडवून भागवत होतो.) जेवताना मी त्यांना जरा वडीलधाऱ्या सुरात विचारलं, "काकू, त्रास नाही ना होत? सवय नसेल तुम्हाला."

"सवय म्हणजे काय," काकू म्हणाल्या, "रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाते तेवढंच. ह्यांना बीपी निघालं तेव्हापासून दोघं जायचो. आता एकटी जाते." मग डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "तू खा नीट. सकाळपासून फार दमलायस."

आसपास दोन-चार जण हसले. त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.

फाउलहॉर्नपासून उतार. चढात फुप्फुसाची अब्रू जाते, उतारात गुडघ्याची. घसाऱ्यावर मी आडवी पावलं टाकत, सह्याद्रीतल्या तंत्राचं प्रात्यक्षिक दाखवतोय असा आव आणून उतरत होतो. आता प्रश्न गोंडोल्याचा होता. फिर्स्टहून खाली जाणारा शेवटचा गोंडोला चुकला तर ग्रिंडेलवाल्डपर्यंत आणखी अकराशे मीटर उतरायचं. पुणेकर घड्याळ बघून एक्सेलमधले आकडे मोठ्याने म्हणत होता. नाशिककराने धुलाईयंत्राचा विषय पहिल्यांदाच सोडला. बाखआल्पझेच्या काठाशी पोचलो तेव्हा माझा उजवा गुडघा वेगळ्या भाषेत बोलू लागला होता. एरवी लोक या तळ्यातलं शिखरांचं प्रतिबिंब पाहायला अर्धी पृथ्वी ओलांडून येतात. मी दगडावर बसलो आणि बूट पाहिले.

काकू पाटीपाशी उभ्या होत्या. पाटीवर ढळढळीत लिहिलेलं होतं, फिर्स्ट, पन्नास मिनिटं. काकूंचं इंग्रजी बरं आहे, आकडे तर त्यांनी शाळेत तीस वर्षं शिकवले आहेत.

"काकू," मी बसल्या जागेवरून ओरडलो, "किती दाखवतंय हो?"

काकूंनी पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे, नीट, बुटांपासून वरपर्यंत.

"हे काय," त्या म्हणाल्या, "आलंच की. ऊठ."

गोंडोला मिळाला. कसा मिळाला ते विचारू नका. शेवटचा टप्पा माझी सॅक काकूंच्या मुलाच्या पाठीवर होती आणि 'अनुभवी' हा रकाना पुणेकराने त्याच संध्याकाळी शीटमधून काढून टाकला. पुढच्या सहलीला माझ्या नावापुढे 'पोळ्या' आहे.

सोमवारी ऑफिसात लंगडत शिरलो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या स्विस सहकारिणीने आपुलकीने चौकशी केली. मी वाट सांगितली. "अरे वा," ती म्हणाली, "सुंदर आहे ती. शाळेत असताना सहलीला गेलो होतो आम्ही."

आता मात्र नळीची वाट काढणं भाग होतं. बेलपाड्याहून कोकणकड्यावर येणारी, दगडधोंड्यांनी भरलेली, छाती दडपणारी. त्या वाटेने मी स्वतः गेलेलो नाही, पण विषय तो नव्हता. मी हातांनी कडा उभा करून दाखवला, घसारा दाखवला, खाली कोकण दाखवलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने लगेच फोनवर नकाशा उघडला, नाव घालायला सांगितलं, बराच वेळ बोटांनी पडदा मोठा-लहान केला आणि म्हणाली, "यात किती वेळ लागतो ते दिसतच नाहीये."

"दिसणारच नाही," मी म्हणालो, आणि इतक्या ताठ मानेने म्हणालो की गुडघ्याने तिथल्या तिथे कळ मारली.