सोपाऱ्याचा स्तूप आणि विरार लोकल

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, अपरान्ताची राजधानी आणि पश्चिम किनाऱ्यावरचं एकेकाळचं गजबजलेलं बंदर. इथल्या विटांच्या स्तूपाचं काळाच्या ओघात टेकाड झालं आणि गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणू लागले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आज तो पालघर जिल्ह्यात, नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला आहे. स्तूप पाहणं सोपं आहे. अवघड असतं ते नालासोपाऱ्याला उतरणं.

सकाळी मुंबईहून विरारकडे जाणारी गाडी रिकामी असते, असं जाणकार सांगतात. ते वसईपर्यंतच खरं. नालासोपाऱ्याच्या फलाटावर नोकरदारांची फौज सज्ज असते. त्यांना जायचं असतं चर्चगेटला. पण बसायला जागा हवी, म्हणून ते आधी उलटे विरारला जातात आणि त्याच गाडीने रिटर्न येतात. गाडी थांबायच्या आतच फौज डब्यात शिरते. गळ्यात कॅमेरा अडकवून दारात सभ्यपणे ‘जरा उतरू द्या’ म्हणणारा इतिहासप्रेमी थेट पलीकडच्या खिडकीवर जाऊन आदळतो. ती खिडकीची जागा एका ग्रुपची वर्षानुवर्षांची असते, हे त्याला तिथे ताबडतोब आणि मोठ्याने सांगण्यात येतं.

विरारला उतरावं, तर तिथे दुसरी फौज. गाडी फिरते आणि पुन्हा नालासोपारा येतं. आता चढणारे शेकडो, उतरणारा एकटा. ‘काका, आधी दारात यायचं ना!’ असा सल्ला मिळेपर्यंत गाडी सुटलेली असते. वसईची खाडी त्याला दुसऱ्यांदा घडते. बोरिवलीला मात्र उतरण्याचे कष्ट पडत नाहीत; लोकच त्याला उतरवतात, चप्पल सोडून.

दुपारी तो एकदाचा स्तूपापाशी पोचतो. दिसतो तो विटांचा ढिगारा आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. फलकावर स्तूपाच्या माहितीपेक्षा दंडाची माहिती सविस्तर.

पण ढिगाऱ्याच्या पोटातून जे निघालं, ते कळल्यावर चिडलेला माणूसही निवतो. मधोमध एक दगडी पेटी होती. तिच्यात मैत्रेयासह आठ बुद्धांच्या कांस्यमूर्ती आणि त्यांच्यामध्ये करंडकात करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या त्या खापऱ्या, या श्रद्धेने कुणीतरी त्या इतक्या निगुतीने ठेवल्या होत्या.

हा ठेवा सोपाऱ्यात नाही. तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे आणि सोसायटीचा टाउन हॉल चर्चगेटहून चालत गाठता येतो. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. तोही मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात आहे. दुपारच्या परतीच्या गाडीत बसायला जागा मिळते. खिडकीचीसुद्धा.