नवनियुक्त शिक्षणसेवकाचे संगोपन : सिद्धान्त व कार्यपद्धती

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकास पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हटले जाते. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत त्याला वेतनश्रेणी लागू नसते, ठरावीक मानधन मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून प्राथमिक स्तरावर ते दरमहा १६,००० रुपये आहे. तत्पूर्वी ते ६,००० होते. ही तीन वर्षे कशासाठी ठेवली, याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ती तिजोरीच्या सोयीसाठी आहेत, तर दुसऱ्या मतानुसार नवशिक्षकास अनुभवी हाताखाली घडविण्यासाठी आहेत. प्रस्तुत विवेचन दुसरे मत गृहीत धरून केले असून ते ज्येष्ठ शिक्षक, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहाएक शाळांच्या गटावर शैक्षणिक देखरेख ठेवणारा अधिकारी, यांच्या उपयोगासाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय अभियानाची तरतूद असल्यामुळे या कार्यास आता धोरणात्मक अधिष्ठानही लाभले आहे, आणि एकदा अधिष्ठान लाभले की कार्य झाल्यातच जमा धरण्याची प्रथा आहे.

मार्गदर्शनास आरंभ करण्यापूर्वी हाती आलेल्या व्यक्तीचे पूर्वसंस्कार जाणून घ्यावेत. शिक्षणसेवक पदविका घेऊन, शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन आणि त्यानंतर ‘अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’ देऊन आलेला असतो. या चाचणीच्या गुणांवर ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून त्याला जिल्हा मिळतो. ही चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये, त्यामुळे प्रतीक्षा करणे, कागदपत्रे पुन्हा पुन्हा अपलोड करणे आणि उत्तर न आल्यास त्याचा अर्थ स्वतःच लावणे ही तिन्ही कौशल्ये त्याने सेवेत येण्यापूर्वीच आत्मसात केलेली असतात, आणि सेवाकाळात मुख्यतः तीच उपयोगी पडत असल्याने निवडप्रक्रियेस निरर्थक म्हणणाऱ्यांचा आक्षेप टिकत नाही. लातूरचा उमेदवार गुणानुक्रमाने अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावर येतो, जेथे पहिलीतली मुले घरी भिली बोलतात आणि पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना प्रथमच ऐकू येते. तो साहजिकच विचारतो, “सर, यांना शिकवायचं कोणत्या भाषेत?” या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर असे आहे : “ते बघू. आधी रेंज कुठं येते ते बघून ठेवा.” शाळेमागच्या टेकडीवरील ती विशिष्ट जागा नवशिक्षकास पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी, कारण तिच्याअभावी हजेरी, आहार आणि आधार यांपैकी काहीही शासनापर्यंत पोहोचत नाही, आणि जे पोहोचत नाही ते घडलेले नसते.

यानंतरची पायरी कार्यभार देण्याची, जिला बोलीत ‘चार्ज देणे’ म्हणतात. हा विधी सावकाश करावा. जनरल रजिस्टर, आवक-जावक, किर्द, हालचाल नोंदवही यांवर स्वाक्षऱ्या झाल्यावर डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या जड वस्तूंची नोंदवही, उघडावी आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू नवशिक्षकास डोळ्यांनी दाखवावी : सतरंज्या, घंटा, ढोल, पृथ्वीचा आस निखळलेला गोल, आणि बंद पडलेला रेडिओ संच. रेडिओ का ठेवला आहे असे विचारल्यास निर्लेखनाची संकल्पना समजावून सांगावी. निरुपयोगी वस्तू सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने नोंदवहीतून कमी करण्याची ही प्रक्रिया असून ती एवढी गहन आहे की रेडिओ सांभाळणे तिच्यापेक्षा केव्हाही सोपे पडते. कपाटाच्या किल्ल्या मोजून द्याव्यात. मुलांचा चार्ज मात्र “पहिली-दुसरी तुमच्याकडं” एवढ्या एका वाक्यात पूर्ण होतो. कोणत्या मुलाला अक्षरे येतात, कोण ऊसतोडीच्या फडावरून मधल्या सत्रात परतणार आहे, कोणाला फळा नीट दिसत नाही म्हणून तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, या गोष्टी जुन्या शिक्षकास तोंडपाठ असतात, परंतु त्यांची नोंदवही नसल्यामुळे त्या बदली झालेल्या शिक्षकाबरोबर निघून जातात, आणि लेखापरीक्षणात त्यांच्या घटीवर कधीही आक्षेप निघत नाही.

पत्रव्यवहार हा संगोपनाचा गाभा होय. तालुक्याच्या व्हॉट्सअॅप समूहावर दुपारी एक वाजता येणारी आणि ‘आजच्या आज’ मागितलेली माहिती भरण्यास शिकवताना मार्गदर्शकाने घाई करू नये, तर तिची रचना उलगडून दाखवावी : हीच माहिती गेल्या महिन्यात वेगळ्या रकान्यांत दिलेली असते, त्याआधी यू-डायस या शाळांच्या माहितीप्रणालीत भरलेली असते, आणि तरीही ती नव्याने भरावी लागते, कारण माहिती असणे आणि ती या तक्त्यात असणे यांत मूलभूत भेद आहे. ‘निरंक’ हा प्रशासकीय शेरा, म्हणजे विचारलेले काहीही आपल्याकडे नाही अशी लेखी कबुली, नवशिक्षकाच्या बोटांत भिनला पाहिजे. ज्या शाळेत एकही संगणक नाही तिने नादुरुस्त संगणकांची संख्या निरंक कळवावी. न कळवल्यास दुपारी तीनपर्यंत तिचे नाव लाल यादीत येते आणि समूहावर सर्वांना दिसते. त्या वेळी वर्गात मुले काय करीत होती, असा प्रश्न सूक्ष्मबुद्धीचा एखादा नवशिक्षक विचारतो. शुद्धलेखन करीत होती, असे त्यास सांगावे. द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार वर्ग आणि दोन शिक्षक अशा शाळेत, शुद्धलेखनास जे स्थान प्राप्त झाले आहे त्याचे खरे श्रेय या माहितीसच आहे.

शालेय पोषण आहाराविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरे, कारण ही बाब नवशिक्षक भुकेमुळे लवकर शिकतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ, त्याप्रमाणे डाळ, मटकी, तेल व मसाला, यांचा हिशेब रोजच्या उपस्थितीशी जुळला पाहिजे. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने खिचडी चाखून चव नोंदवहीत अभिप्राय लिहावयाचा असतो. ‘उत्तम’ हा अभिप्राय सर्व ऋतूंत चालतो. एखाद्याने प्रामाणिकपणे ‘मीठ कमी’ असे लिहिले तर स्वयंपाकीण मावशी दोन दिवस बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मीठ पुरेसे होते. हा अध्यापनशास्त्रातील प्रतिसादाचा बहुधा एकमेव परिणामकारक नमुना असून त्याचा वर्गातील उपयोग अद्याप कोणी करून पाहिलेला नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २७ नुसार शिक्षकास दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. हे कलम नवशिक्षकाने वाचलेले असल्यास त्याचे कौतुक करावे आणि मतदार यादीचे काम त्याच्याकडे सोपवावे, कारण ते निवडणुकीत मोडते. उरलेली कामे शैक्षणिक ठरविण्यास फारसे कौशल्य लागत नाही.

आता लेखनकार्य. पाठाच्या टाचणात, म्हणजे उद्याच्या तासाच्या पूर्वतयारीच्या टिपणात, उद्दिष्टे, साधने आणि अध्ययन निष्पत्ती लिहाव्या लागतात. अध्ययन निष्पत्ती म्हणजे पाठ संपल्यावर मुलास काय येऊ लागावे त्याचे विधान. ती पाठ्यपुस्तकात छापलेली असल्याने मुलास काय येते हे पाहण्याची गरज पडत नाही. टाचण आदल्या दिवशी लिहावे असा संकेत असून भेटीच्या आदल्या दिवशी असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात, आणि येथे ज्येष्ठांची मदत अनमोल ठरते, कारण त्यांच्याकडे सर्व विषयांच्या तयार नोंदींची फाइल असते. ‘गटात सहकार्याने काम करतो’ ही नोंद जुलैपासून गैरहजर असलेल्या मुलापुढेही शोभून दिसते. मुलीच्या नावापुढे ‘करते’ लिहावे, एवढी एकच दक्षता मार्गदर्शकाने आवर्जून सांगावी. संगणकावर नोंदी चिकटवताना हीच एक चूक पकडली जाते.

दरमहा केंद्रात शिक्षण परिषद भरते. तेथे आदर्श पाठ होतो, त्यानंतर प्रशासकीय सूचना होतात, छायाचित्र निघते आणि जेवण होते. खरे तर या परिषदेतील सर्वांत मोलाचे शिक्षण जेवणाच्या पंगतीत मिळते, जेथे एखाद्या शेजारच्या शाळेच्या बाई सहज सांगून जातात की दुसरीला स्वाध्याय द्यायच्या आधी पहिलीला मातीचे मणी मोजायला बसवावे, म्हणजे वीस मिनिटे दोन्ही वर्ग शांत राहतात. अहवालात पंगतीचा रकाना नसतो.

वर्गभेट हा मार्गदर्शनाचा कळस. अनेक ठिकाणी केंद्रप्रमुखाचे पद रिक्त असून एकाकडेच दोन-दोन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार असतो, त्यामुळे भेट अल्पकालीन असणे हा त्याचा दोष मानता येत नाही. भेटीत पटसंख्या, तांदळाचा साठा, शौचालय आणि टाचण पाहून लॉगबुकात ‘अध्यापन समाधानकारक, गुणवत्तावाढीसाठी अधिक प्रयत्न आवश्यक’ असा शेरा लिहावा. या वाक्याचा पूर्वार्ध शिक्षणसेवकाच्या आणि उत्तरार्ध अधिकाऱ्याच्या रक्षणासाठी असतो. अशा शेऱ्यांच्या छायाप्रती तीन वर्षांनी वेतनश्रेणीच्या प्रस्तावास जोडल्या जातात.

राहता राहिला एक अपवादात्मक प्रसंग. क्वचित एखादी शिक्षणसेविका स्वतः होऊन म्हणते, “सर, एक तास माझ्या वर्गात बसाल का? हातच्याची वजाबाकी घेतेय, मुलांना जमत नाहीये.” येथे मार्गदर्शकाने सावध राहावे, कारण सतरंजीच्या कडेला मुलांशेजारी बसले की अशा गोष्टी दिसू लागतात ज्या लॉगबुकात मावत नाहीत. एका मुलीने ५२ मधून ३७ वजा करून २५ उत्तर लिहिलेले असते. फळ्याजवळून ती वेंधळेपणाची चूक वाटते आणि तिला “लक्ष कुठंय तुझं?” असे विचारले जाते, शेजारी बसलेल्यास मात्र दिसते की तिचे लक्ष पूर्ण जागेवर आहे, तिने सातातून दोन काढले, पाचातून तीन काढले, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करण्याचा स्वतःच तयार केलेला नियम ती काटेकोरपणे पाळत आहे. हातचा न लागणारी उदाहरणे या नियमाने बरोबर येत असल्यामुळे ती चाचणीत निम्मे गुण मिळवून कोणाच्याही नजरेत न येता वरच्या वर्गात जाईल. तिच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून सदतीस मागितल्या, तर सात सुट्या देण्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो हे तिला स्वतःच्या हातांनी कळते, आणि हे पाहणाऱ्या शिक्षिकेस पुढची अनेक वर्षे पुरेल असे काहीतरी मिळते. परंतु त्यात अर्धा तास जातो, तोवर दुपारची माहिती थकते, केंद्र लाल यादीत येते, आणि बातमी पसरल्यास अन्य शाळांतूनही अशीच बोलावणी येऊ लागतात.

म्हणून अशा विनंतीस नकार देऊ नये, कारण नकाराची तक्रार होते. विनंती लेखी मागवून तिला आवक क्रमांक द्यावा, आणि भेटीच्या विहित प्रपत्रात वर्गात बसण्याचा रकाना नसल्याने याबाबत मार्गदर्शन मिळावे म्हणून ती गटशिक्षणाधिकारी कार्यालयास सादर करावी. उत्तर येईपर्यंत वर्ग गुणाकारावर गेलेला असतो.