तो काही करत नाही

कुत्र्याचा सिनेमा म्हटला की मी आधी एकच चौकशी करतो : शेवटी कुत्रा मरतो का? लोक हसतात. पण ज्यांनी 'ओल्ड येलर' पाहिलाय ते हसत नाहीत. डिस्नेनं १९५७ साली मुलाबाळांसाठी म्हणून हा सिनेमा काढला आणि त्यात कुत्र्याला रेबीज झाल्यावर बंदूक दिली ती त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मुलाच्याच हातात. 'माय डॉग स्किप'मध्ये एका बुजऱ्या, एकट्या मुलाला नवव्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू मिळतं. तास-दीड तास आपण दोघांबरोबर हुंदडतो आणि मग तो मुलगा शिकायला ऑक्सफर्डला जातो, इकडे म्हातारा स्किप त्याच्या पलंगावर वाट पाहत संपतो. दिवे लागले की आपण शेजारच्याची नजर चुकवत चष्मा पुसत बसायचं. हिंदीत 'तेरी मेहरबानियाँ'नं निदान न्याय केला. तिथं मालक मेला आणि कुत्र्यानं एकेका खलनायकाला गाठून सूड उगवला.

म्हणून 'बिकॉज ऑफ विन-डिक्सी'बद्दल पहिली गोष्ट सांगून टाकतो. कुत्रा मरत नाही. निर्धास्त बसा.

दुसरी गोष्ट अशी की तो काहीच करत नाही. आगीतून बाळ काढत नाही, चोर पकडत नाही, विहिरीत पडलेल्या मुलाची बातमी गावात आणत नाही. 'लॅसी कम होम' १९४३चा. त्यातली लॅसी स्कॉटलंडहून चालत चालत यॉर्कशायरला आपल्या मुलापाशी परत येते, तेही पंजे सोलपटलेले असताना. लॅसी म्हणजे वर्गात पहिला नंबर सोडून दुसरं काही न पाहिलेलं मूल. (ती भूमिका करणारा पाल हा कुत्रा होता, कुत्री नव्हे. असल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात काहीतरी खोट सापडली की बरं वाटतं.) विन-डिक्सी मागच्या बाकावरचा. त्याच्या अंगाला वास येतो, त्याला विजेच्या कडकडाटाची भयंकर धास्ती, एकटं ठेवलं की तो रडून गाव गोळा करतो, आणि खूश झाला की ओठ मागे ओढून सगळे दात दाखवत हसतो. त्या हसण्याच्या भरात त्याला शिंकही येते. एवढंच त्याचं भांडवल.

गोष्ट अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यातल्या नेओमी नावाच्या गावाची. दहा वर्षांची ओपल पाद्री बापाबरोबर तिथं नव्यानंच राहायला आलीय. आई ती तीन वर्षांची असतानाच घर सोडून गेली. बाप चांगला, पण कासवासारखं डोकं आत ओढून बसणारा. बायकोचा विषय निघाला की तर पाठच दिसावी. दोघं राहतात ती चाकांवरच्या घरांची वसाहत फक्त मोठ्यांसाठी. ओपलला तिथं ठेवून घेतलंय ते निव्वळ मेहेरबानी म्हणून. म्हणजे खेळायला एकही पोर नाही. आणि या मुलीचं पूर्ण नाव आहे इंडिया ओपल बुलोनी. तिच्या जन्माआधी वडील मिशनरी म्हणून भारतात होते, त्याची ही आठवण. आपल्याकडच्या प्रेक्षकानं एवढ्यावरूनच तिला भाची मानायला हरकत नाही.

वडील तिला दुकानात पाठवतात तांदूळ-टोमॅटो आणायला. तिथं भाज्यांच्या विभागात एका धिप्पाड, फिस्कारलेल्या कुत्र्यानं धिंगाणा घातलेला असतो. टोमॅटो घरंगळतायत, मॅनेजर रडकुंडीला आलाय आणि कोंडवाड्याला फोन लावा म्हणून ओरडतोय. ओपल तोंडातून बोलून जाते की कुत्रा माझा आहे. मग नाव काय? ती इकडेतिकडे बघते, दुकानाची पाटी दिसते आणि कुत्र्याचं नाव विन-डिक्सी होतं. आपल्याकडे एखाद्याचं नाव 'अपना बाजार' पडावं तसा प्रकार. विन-डिक्सी ही फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलची खरीखुरी दुकानांची साखळी. सिनेमा १८ फेब्रुवारी २००५ला लागला आणि तीनच दिवसांनी त्या कंपनीनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. इतकी फुकट जाहिरात इतक्या अवेळी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल.

आता पुढं बघा. कुत्रा ग्रंथालयाच्या खिडकीशी मागच्या पायांवर उभा राहून ओपल आत आहे ना याची खात्री करून घेतो. आतल्या वृद्ध ग्रंथपाल फ्रॅनीबाई किंचाळतात, कारण त्यांना तो अस्वल वाटतो. तशी त्यांची चूक नाही. तरुणपणी एकदा खरंच अस्वल आत शिरलं होतं आणि जाताना टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' घेऊन गेलं होतं. (पुस्तक परत आलं नाही. माझ्या ओळखीची काही माणसंही असंच करतात, आणि त्यांनी ते वाचलं असेल याची खात्री अस्वलाइतकीच.) पुढं तो एका रान माजलेल्या परसात घुसतो. ओपल त्याच्यामागं धावते. ज्या म्हातारीला गावची पोरं चेटकीण म्हणतात ती ग्लोरिया तिथं भेटते. तिला जवळजवळ दिसत नाही, म्हणून ती ओपलला म्हणते, तूच सांग तुझं सगळं. आजवर या पोरीला असं कोणी विचारलेलंच नसतं. ग्लोरियाच्या अंगणातल्या झाडाला दारूच्या रिकाम्या बाटल्या दोऱ्यांनी टांगलेल्या आहेत, आयुष्यभराच्या चुकांची भुतं लांब राहावीत म्हणून. मग गळपट्टा हवा म्हणून ओपल प्राण्यांच्या दुकानात जाते. पैसे नाहीत, तेव्हा झाडलोट करून हप्त्याहप्त्यानं फेडायचं ठरतं. तिथला ओटिस तुरुंगात राहून आलेला, माणसांपुढे तोंड न उघडणारा, पण प्राण्यांपुढे गिटार वाजवणारा.

म्हणजे काम काय केलं कुत्र्यानं? खिडकीतून डोकावला, कुंपण ओलांडलं, गळपट्ट्याशिवाय हिंडला. ओपल एकटी असती तर यातल्या एकाही दारात गेली नसती. नव्या गावात दहा वर्षांची मुलगी कोणाचं दार वाजवून 'माझ्याशी बोला' म्हणणार आहे? 'माझा कुत्रा इकडे आलाय का हो' एवढं मात्र ती म्हणू शकते.

हे पटत नसेल त्यांनी सकाळी कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटपाशी उभं राहावं. आमच्याकडे एक गृहस्थ कित्येक वर्षं राहतायत. लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांचे आकडे एकाग्रतेनं वाचायचे. मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली आणि जाताना मफिन नावाचा बीगल त्यांच्या गळ्यात मारून गेली. मफिननं पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या पिशवीतल्या बोंबलांचा माग काढला, चिमण्या पोरांच्या फुटबॉलवर दात रोवले आणि चेअरमनच्या मोटारीच्या चाकावर सही केली. प्रत्येक वेळी लोक दोन पावलं मागं सरून विचारायचे, "चावतो का हो?" आणि हे म्हणायचे, "नाही नाही, तो काही करत नाही." जगातले सगळे कुत्रेवाले हेच एक वाक्य बोलतात आणि त्यानंतरच्या बोलण्याला मग अंत नसतो. बोंबलांवरून बाईंचं माहेर निघालं, चाकावरून चेअरमनची गुडघेदुखी. आता सगळे त्यांना मफिनचे आजोबा म्हणतात. परवा कुरियरवाला त्यांचं आडनाव विचारत आला, तर वॉचमननं त्याला ठणकावून सांगितलं की या नावाचं इथं कोणी राहत नाही.

विन-डिक्सीची गोष्ट लिहिणाऱ्या केट डिकॅमिलो स्वतः फ्लॉरिडात वाढलेल्या. लहानपणी सतत आजारी. हवा मानवेल म्हणून आई मुलांना घेऊन तिकडे गेली आणि वडील मागेच राहिले. मोठेपणी त्या मिनिॲपोलिसला आल्या, तिथली हाडं गोठवणारी थंडी, पुस्तकांच्या गोदामातली नोकरी, आणि भाड्याच्या ज्या इमारतीत त्या राहायच्या तिथं कुत्र्यांना बंदी. तेव्हा त्यांनी कागदावर एक कुत्रा पाळला. कागदावरच्या कुत्र्याबद्दल घरमालकाला काय बोलता येणार! २००० साली कादंबरी आली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी सन्मान मिळाला. ज्या इमारतीच्या नियमावलीत 'पाळीव प्राण्यांना मज्जाव' लिहिलंय तिथल्या कमिटीला मी हा दाखला देत असतो. कमिटीला साहित्याची तेवढी आस्था नसावी असं दिसतं.

सिनेमाचे दिग्दर्शक वेन वांग. जन्म हाँगकाँगचा, गाजलेला सिनेमा 'स्मोक', ज्यात ब्रुकलिनमधल्या एका तंबाखूच्या दुकानात माणसं जमतात आणि एकमेकांना गोष्टी सांगतात, बस्स. तेव्हा काही न घडणाऱ्या गोष्टीला माणूस अगदी नेमका मिळाला होता. नटसंचही वजनदार. फ्रॅनीबाई झाल्यात ईव्हा मरी सेंट, हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'च्या नायिका. ग्लोरिया सिसिली टायसन. त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं ते 'साउंडर'साठी, आणि साउंडर हेही एका कुत्र्याचंच नाव. भटक्या विन-डिक्सीचं काम मात्र भटक्यांना मिळालं नाही. ते गेलं फ्रान्समधल्या पिकार्डीच्या दुर्मिळ मेंढपाळी जातीकडे. एकसारखे दिसणारे गावठी कुत्रे कुठून आणायचे, ही निर्मात्यांची अडचण. तेव्हा गबाळं दिसायला खानदानी मंडळी आणली. चित्रपटसृष्टीत हे नेहमीचंच.

पण निर्मात्यांना कुत्र्याच्या रिकामपणाची भीती वाटली असावी. कादंबरीत नाही असा एक खडूस घरमालक आणि एक बावळट पोलीस त्यांनी घुसडलाय. त्यांची आदळआपट सुरू झाली की मी चहा टाकायला उठतो. लहान मुलांना खलनायक लागतोच, हा मोठ्यांचा गैरसमज आहे. मुलांना कुत्रा दाखवलात की पुरतं.

खरा ऐवज दुसरीकडे आहे. फ्रॅनीबाईंच्या पणजोबांनी यादवी युद्धातून परतल्यावर मिठाईचा कारखाना काढला, त्यातली एक गोळी. घरी परतले तर घर जळालेलं, माणसं गेलेली. तेव्हा ते जेमतेम पोरसवदा. त्यांनी जी गोळी केली तिला स्ट्रॉबेरीची चव आहे, आणखी एका गोड पेयाची आहे, आणि त्यामागून दुःखाची. ज्याचं त्याला त्यात आपलं लागतं. गावात तोंड वेंगाडून हिंडणाऱ्या अमांडा नावाच्या मुलीला बुडून गेलेला धाकटा भाऊ आठवतो. पाद्रीबुवांनाही काय आठवायचं ते आठवतं. आणि कादंबरीतली एक चिमुरडी गोळी तोंडात धरून जाहीर करते की हिला आपल्याकडे कुत्रा नसल्याची चव लागतेय. लहान मुलांच्या दुःखाबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. तिच्या वयाला तेच सगळ्यात मोठं दुःख असतं आणि त्याला कोणी हसू नये.

ओपलनं बापाकडून आईबद्दलच्या दहा गोष्टी मागून घेतल्यात, वयाच्या वर्षाला एक. आई फार हसवायची, तिला झाडं लावायला आवडायचं, स्वयंपाक येत नव्हता, पाद्र्याची बायको म्हणून मिरवायचा जाच व्हायचा, दारूही प्यायची. ती यादी मुलगी पाठ करते, आई कधी आलीच तर ओळखू यावी म्हणून. आई येत नाही. मला हा सिनेमा आवडतो तो याच्यासाठी. दुसऱ्या कोणी शेवटच्या रिळात तिला टॅक्सीतून उतरवलं असतं.

त्याऐवजी ग्लोरियाच्या अंगणात मेजवानी ठरते. अंड्याचे सँडविच, लोणची, सरबत, आणि गावातली सगळी एकएकटी माणसं. तेवढ्यात वादळ येतं आणि त्या गडबडीत विन-डिक्सी नाहीसा होतो. बाप-लेक पावसात हाका मारत गल्लीबोळ पालथे घालतात. शेवटी बाप थकून पुरे म्हणतो आणि ओपलचा बांध फुटतो : तू नेहमी असाच हात टेकतोस, आईच्या वेळीही असंच केलं असशील. तेव्हा कुठं ते कासव मान बाहेर काढतं आणि रडतं. मी तिलाही खूप शोधलं, म्हणून सांगतं. इतक्या वर्षांचं न बोललेलं भर रस्त्यात, चिंब भिजत, दोघं बोलून घेतात.

आणि कादंबरीत हा पठ्ठ्या तेवढा सगळा वेळ ग्लोरियाच्या पलंगाखाली दडी मारून बसलेला असतो. शोधायला गेलेले ओलेचिंब होऊन परत येतात तेव्हा त्याला बाहेर ओढून काढतात, तर अंगभर धूळ, आणि त्या धुळीनं शिंकांवर शिंका.