शालेय वृंदगानमीमांसा

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला आणि त्यात गायकवृंदाचे प्रमाणही घालून दिले. उत्तम वृंदात मुख्य गायक ४, सहगायक ८, गायिका १२, बासरीवादक ४ व मृदंगवादक ४, असे एकूण ३२ कलावंत असावेत. या प्रमाणाशी प्रस्तुत लेखकाचे वैर नाही. तथापि आचार्यांनी ‘इयत्ता सातवी, तुकडी ब’ हा घटक विचारात घेतलेला नाही. या घटकात पेटी एक, ढोलकी एक, खंजिरी एक आणि खंजिरीचे उमेदवार सर्व, अशी स्थिती असते. ही शास्त्रीय उणीव भरून काढणे अगत्याचे आहे.

१. लक्षण

ज्या गानक्रियेत गाणारे, न गाणारे आणि गाऊ नये असे तिन्ही वर्ग एकसमयावच्छेदेकरून मुख उघडतात, आणि जिचा शेवट सर्वांस ठाऊक असूनही सर्वांचा एकदम होत नाही, तिला शालेय वृंदगान म्हणावे.

२. घटकभेद

वृंदघटक पंचविध होत.

(१) अग्रस्वर : हा पेटीवर सूर मिळण्यापूर्वीच ध्रुवपदास प्रारंभ करतो. कडवे संपल्यावर सर्व थांबतात तेव्हा हा आणखी एका शब्दापर्यंत एकाकी प्रवास करतो.

(२) अनुस्वर : यास शब्द पाठ नसतात. शेजाऱ्याच्या ओठांवरून अक्षर उचलून तो अर्ध्या मात्रेच्या अंतराने गातो. ओळीचे अंत्याक्षर मात्र पूर्ण निष्ठेने उच्चारतो.

(३) तारस्वर : शार्ङ्गदेवाने गायकाचे २५ दोष गणले आहेत. त्यांपैकी आरडाओरडा करणारा ‘उद्घुष्ट’, कावळ्यासारखा कर्कश ‘काकी’ आणि उंटासारखी मान उंचावणारा ‘करभ’ हे तिन्ही येथे एकाच देहात सुखाने नांदतात. त्याचे पालक यास ‘खडा आवाज’ म्हणतात.

(४) भिन्नस्वर : आठवी-नववीच्या सुमारास मुलाचे स्वरतंतू लांब व जाड होऊन त्याचा आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो. हे अवतरण काही महिने चालते. तेवढ्या काळात भिन्नस्वर एकाच ओळीत दोन्ही सप्तकांची यात्रा करतो व परतल्यावर इतरांकडे संशयाने पाहतो.

(५) मौनस्वर : याचे ओठ चालतात, ध्वनी उमटत नाही. ‘तू नुसते ओठ हलव’ या गुरुमंत्राने यास पहिल्याच तालमीत दीक्षा मिळते. दीक्षा आजन्म टिकते.

३. नियम

प्रथम नियम : साथीवाचून गाणाऱ्या समूहाचा सूर बहुधा उतरतो आणि लय चढते. पेटी पहिल्या विकारास आवर घालते. ढोलकी दुसऱ्यास उत्तेजन देते. राष्ट्रगीताचा अवधी सुमारे ५२ सेकंद असा शासनानेच ठरवून दिल्याने तेथे ऊहापोहास अवकाश नाही.

द्वितीय नियम : सरांचा कंठ काळी एकमध्ये खुलतो, मुलांचा काळी चार-पाचमध्ये. पट्टी सरांची धरल्यास वृंद खर्जात बुडतो. मुलांची धरल्यास अंतऱ्याला सर बुडतात. यावर काळी दोन हा मध्यममार्ग काढण्यात येतो. तो कोणासच मानवत नाही, म्हणून निःपक्षपाती मानला जातो.

४. संप्रदाय

वृंदनियमनाविषयी तीन संप्रदाय आहेत. हस्तवादी हवेत हात फिरवतात. मुले त्या हाताकडे पाहत नाहीत, घड्याळाकडे पाहतात. भ्रूवादी स्वतःच पेटी वाजवतात. एक हात स्वरांवर व एक भात्यावर गुंतल्याने त्यांना समस्त शासन भुवयांनी करावे लागते. नेत्रवादी डोळे वटारतात. यांतून फुटलेल्या नव्यनेत्रवाद्यांचे मत असे की, बेसूर गाणाऱ्याकडे न पाहता त्याच्या शेजाऱ्याकडे पाहावे. या प्रयोगाने बेसूर गाणारा निर्धास्त होतो व शेजारी स्नेहसंमेलनापर्यंत तोंड उघडत नाही. आवाज एकाने घटला, एवढे फळ नव्यनेत्रवादी पुरेसे मानतात.

५. मौनस्वराधिकरण

पूर्वपक्ष असा : मौनस्वर गात नाही; म्हणून त्यास वृंदातून वगळावे.

उत्तरपक्ष : हे युक्त नव्हे. एक तर, त्याच्या अभावी मागची रांग तिरपी दिसते. दुसरे, त्याच्यासाठी भाड्याने आणलेला फेटा परत घेतला जात नाही. तिसरे व निर्णायक कारण हे की, स्वतः गावे लागत नसल्याने तोच एकटा संपूर्ण गीत ऐकतो, आणि महिनाभराच्या तालमीअंती सर्व कडवी त्यालाच मुखोद्गत असतात. अनुस्वर ज्याच्या ओठांवरून अक्षरे उचलतो, तो शेजारी हाच होय. अनुस्वरांची संख्या प्रत्येक शाळेत सर्वाधिक असते. तस्मात् वृंदातील बहुसंख्य ध्वनी न गाणाऱ्याच्या मुखातून प्रवर्ततो, असे सिद्ध होते.

६. विनियोग

ध्वनिवर्धक एकच असल्यास तो मौनस्वरासमोर ठेवावा. अग्रस्वर व तारस्वर यांना ध्वनिवर्धकाची आवश्यकता नाही, याविषयी हस्तवादी, भ्रूवादी व नेत्रवादी यांच्यात कसलाही मतभेद नाही. या शास्त्रात आजवर झालेले एकमत एवढेच.