सारेच पयले, मंग हारलं कोन?

आमच्या यवतमाळकडे जनावर पळालं की नंबर लागलाच पाहिजे. शंकरपटात बैलजोडी सुटते, काही सेकंदांत निकाल हाती येतो आणि हरलेला मालक पुढचा महिनाभर घड्याळवाल्याचा उद्धार करतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी दिली. मधल्या काळात बैलांना विश्रांती मिळाली. माणसं पारावर बसून तोंडी पट भरवत राहिली.

अशा मुलखातल्या माझ्या भाच्याने पुण्याकडे जाऊन घोड्यावरून 40 किलोमीटरची नवशिक्यांची एन्ड्युरन्स राइड पूर्ण केली. आमच्या काकाजींनी पहिला प्रश्न टाकला, "नंबर कोंता आला?"

"यात नंबर नसतो, आजोबा. ज्यानं पूर्ण केली तो जिंकला."

"सारेच पयले? मंग हारलं कोन?"

भाच्याने समजावलं. घोडा पोचला की डॉक्टर त्याला तपासतात. ठरलेल्या वेळेत हृदयाचे ठोके मिनिटाला 64 पर्यंत उतरले पाहिजेत. मग त्याला दुडक्या चालीने पळवून लंगडतो का, ते पाहतात. नापास झाला तर सर्वांआधी येऊनही बाद.

काकाजी खूश झाले. "आपल्या पटात असा डाक्टर आनला तं लोक त्यालेच जुपतीन!"

माझं मत भाच्याच्या बाजूने आहे, पण भाच्यावर माझा भरवसा नाही. 'नंबर नसतो' म्हणणारा हा मुलगा आपल्यामागून किती जण आले ते न अडखळता सांगतो. तरी त्याचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत 1955 पासून टेव्हिस कप ही 100 मैलांची राइड होते. 24 तासांत धडधाकट घोड्यानिशी पोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं. तिथे शर्यतही लागते, खुशाल लागो; ती मंडळी मुरलेली. नवशिक्यांचं तसं नाही. स्वार नवा, घोडा नवा, कुठे थांबायचं ते दोघांनाही ठाऊक नाही, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्याच 25 ते 35 मैलांच्या छोट्या राइडचा नियम मला फार आवडतो: रेषा ओलांडली तरी घड्याळ चालूच, घोड्याचे ठोके 60 वर आले की थांबणार. शेवटी चौखूर उधळून मिळवलेली मिनिटं बादलीने घोड्यावर पाणी ओतण्यात जातात.

काकाजींना हे पटेना. मग मी शकुंतला काढली. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर. तिचा नंबर कोणी विचारला होता का? पोचली, हाच सत्कार.

"असं सांग ना मंग," काकाजी म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले, मग भाच्याकडे वळले. "बरं, तुह्या घोड्याचे ठोके किती भरले?"

"छप्पन."

"आन् बाकीच्यायच्या?"

"एकाचे अठ्ठावन्न ऐकले. दुसऱ्याचे साठ."

काकाजींनी तिथल्या तिथे दारव्ह्याला फोन लावला. "पोरगं पयलं आलं! दोन ठोक्यायनं!"